ठरावापासून तळ्यापर्यंत : सार्वजनिक धोरणातील पीएच.डी. आणि तिच्या पुढील वाटा



एखाद्या मुलाने किंवा मुलीने पीएच.डी. केली की गावात त्याला ‘डॉक्टर’ म्हणतात, आणि लगेच कोणीतरी वडीलधारे विचारतात, ‘मग दवाखाना कुठे घालणार?’ आपण हसतो. पण त्या प्रश्नामागची काळजी खरी आहे. पाच-सहा वर्षे शिकून शेवटी पोटापाण्याचे काय, घराला काय, समाजाला काय, हेच त्यांना विचारायचे असते. प्रस्तुत लेखात सार्वजनिक धोरण या विषयातील पीएच.डी. म्हणजे काय, ती कशी करतात, खर्च कसा भागतो आणि पुढे कोणकोणती कामे मिळतात, हे सरळ भाषेत सांगण्याचा प्रयत्न केला आहे.

आपल्या समाजात पदवीधर वाढले. शिक्षक, बँक कर्मचारी, रेल्वे, पोलीस, महसूल अशा खात्यांत आपली मुले-मुली गेली. स्पर्धा परीक्षांची तयारीही घरोघरी चालते. ही प्रगती अभिमानास्पद आहे. मात्र सरकारने केलेला निर्णय राबविणारे आपण झालो, तो निर्णय कसा असावा हे अभ्यासाने सांगणारे फारच थोडे झालो. ती उणीव भरून काढणारी ही विद्या आहे.

सार्वजनिक धोरण म्हणजे काय?

सरकार, जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत लोकांच्या पैशाने व लोकांच्या नावाने जे काही करायचे ठरवते, किंवा न करायचे ठरवते, त्याला सार्वजनिक धोरण म्हणतात. शिष्यवृत्ती कोणाला द्यावी, धरणग्रस्तांचे पुनर्वसन कोठे करावे, रेशनवर काय मिळावे, कारखान्याचे सांडपाणी कोठे सोडावे, हे सारे धोरणाचे प्रश्न होत. या विषयात अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, कायदा, समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र यांची सांगड असते. अमेरिकेत हॅरॉल्ड लासवेल वगैरे विद्वानांनी १९५१ च्या सुमारास ‘धोरणशास्त्र’ हा शब्द रूढ केला.

या शास्त्रातील एक प्रसिद्ध अभ्यास सांगतो. कॅलिफोर्नियातील ओकलंड शहरात १९६६ साली केंद्र सरकारने सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर खर्चून ३,००० नोकऱ्या निर्माण करण्याचे ठरविले. त्या मुख्यतः बेकार कृष्णवर्णीयांना मिळायच्या होत्या. हेतू चांगला, पैसा मंजूर, विरोधक कोणी नाही. तरीही काही वर्षांनी नोकऱ्या अगदी थोड्या. प्रेसमन आणि विल्डाव्हस्की या दोन अभ्यासकांनी १९७३ साली यावर ‘इम्प्लिमेंटेशन’, म्हणजे ‘अंमलबजावणी’, नावाचे पुस्तक लिहिले. राजधानीत झालेला निर्णय वस्तीपर्यंत पोचताना वाटेत किती हातांतून जातो आणि प्रत्येक हातात तो कसा अडकतो, हे त्यांनी दाखविले. तेव्हापासून अंमलबजावणीचा अभ्यास ही या विषयाची एक मोठी शाखा बनली.

आता आपल्या दाराशी येऊ. हाच प्रश्न महाडमध्ये त्याआधी ४६ वर्षे विचारला गेला होता.

महाडचा धडा

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला तोंडपाठ आहे. पण धोरणाच्या विद्यार्थ्याने तो पुन्हा एकदा तारखांसह वाचावा.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेली किंवा चालविलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. पुढच्याच महिन्यात सरकारने खात्यांना तशा सूचना दिल्या. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने ठराव करून चवदार तळे खुले केले. म्हणजे कायदेमंडळ झाले, सरकार झाले, नगरपालिका झाली. कागद पूर्ण झाला. तरी पुढची तीन वर्षे आपल्या माणसाला त्या तळ्याचे पाणी घेता आले नाही. १९२६ साली बोले यांनी दुसरा ठराव आणला. जी नगरपालिका अंमल करणार नाही तिचे अनुदान रोखावे, असे त्यात होते. नुसत्या ठरावाने भागत नाही, हे त्यांनाही कळून चुकले होते.

मग १९ व २० मार्च १९२७ ची कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद झाली, आणि २० मार्चला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले. त्यानंतर प्रतिनिधींना मारहाण झाली. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला १९२४ चा ठरावच मागे घेतला. डिसेंबरमध्ये तळे खासगी असल्याचा दावा कोर्टात गेला व मनाई हुकूम आला. २५ डिसेंबरला दुसरी परिषद भरली, मनुस्मृतीचे दहन झाले. खटला मात्र मुंबई उच्च न्यायालयापर्यंत चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी निकाल आपल्या बाजूने लागला. तळे नगरपालिकेच्या मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्रथा अनादी काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असा तो निर्णय होता.

विधिमंडळातील ठरावापासून न्यायालयाच्या निकालापर्यंत १३ वर्षांहून अधिक काळ लोटला. या काळात ठराव कोणत्या पायरीवर थांबला, कोणी थांबविला, अनुदानाचा धाक पुरेसा होता का, संघटित लोक पुढे आल्यावर काय बदलले, आणि शेवटी कोर्टात घोषणा नव्हे तर पुरावा कसा उभा राहिला, हे सारे धोरणाच्या पीएच.डी.चे प्रश्न आहेत.

अभ्यासपूर्वक दाद मागण्याची रीतही आपल्या भागाला नवी नाही. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे निवृत्त लष्करी हवालदार. महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा त्यांनी १८९४ साली इतिहासाचे दाखले देऊन अर्ज तयार केला. दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे यांनी शाळेत प्रवेश नाकारला गेला तेव्हा लहान वयात वर्तमानपत्राला पत्र लिहिले, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेला असे करता येते का, हा मुद्दा त्यांनी मांडला. पुढे महाडच्या परिषदेसाठी झटणाऱ्यांत हेच मोरे अग्रभागी होते.

बाबासाहेबांची पीएच.डी.

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपण भाषणात वाचतो. त्या पदव्यांचे विषय क्वचितच सांगतो. कोलंबिया विद्यापीठाच्या पीएच.डी.चा त्यांचा प्रबंध ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावर होता. केंद्र सरकार आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी होत गेली, तिचे परिणाम काय झाले, याचा तो अभ्यास. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर होता. दोन्ही प्रबंध आजच्या भाषेत सार्वजनिक धोरणाचेच म्हणावे लागतील.

या पदव्या सुखासुखी मिळाल्या नाहीत. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. मुदत संपली तेव्हा लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत राहायला घर मिळाले नाही. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून पैसे साठविले, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. इकडे रमाईंनी घर कसे चालविले ते आपण जाणतोच. लंडनचा प्रबंध परीक्षकांनी एकदा दुरुस्तीसाठी परत केला; तो पुन्हा लिहून दिल्यावर १९२३ साली पदवी मिळाली. कोलंबियाच्या नियमानुसार प्रबंध छापून द्यावा लागे. तो १९२५ साली छापला गेला आणि पदवी ८ जून १९२७ रोजी मिळाली. म्हणजे चवदार तळ्याचे वर्ष आणि पीएच.डी.चे वर्ष एकच. प्रबंध परत आला म्हणून खचून जाणाऱ्या विद्यार्थ्याने हे जरूर ध्यानात ठेवावे.

या अभ्यासाचा उपयोग काय झाला? १९२५ साली हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांनी चलनाच्या प्रश्नावर साक्ष दिली. याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली व पुढे १९३५ साली रिझर्व्ह बँक सुरू झाली. कोकणच्या दृष्टीने महत्त्वाचे म्हणजे १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते तेव्हा मंजूर झाले नाही. खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली झाला. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून कामगार, वीज आणि पाणी या विषयांवर त्यांनी जे काम केले, त्यामागेही हाच अभ्यास होता.

पीएच.डी. कशी करतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जातींच्या उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांसाठीही ७५ टक्के गुणांच्या अटीवर दार उघडले आहे, त्यातही ही सवलत मिळते. प्रवेश ‘नेट’ परीक्षेच्या गुणांवर किंवा विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेवर आणि मुलाखतीवर होतो. कमीत कमी ३ व जास्तीत जास्त ६ वर्षांचा अवधी असून स्त्रियांना आणखी २ वर्षांची सूट मिळू शकते.

प्रथम काही महिने वर्गात बसून संशोधनाच्या पद्धती शिकाव्या लागतात. मग मार्गदर्शकाच्या संमतीने विषयाचा आराखडा सादर करायचा. त्यानंतर खरे काम. गावोगाव जाऊन माहिती घेणे, जुने ठराव व अंदाजपत्रके वाचणे, माहितीच्या अधिकारात कागद मागविणे, आकडेवारी तपासणे. शेवटी प्रबंध लिहून बाहेरच्या परीक्षकांपुढे तोंडी परीक्षा. विषय अर्थशास्त्र, राज्यशास्त्र किंवा समाजकार्य असला तरी प्रश्न धोरणाचा घेता येतो. पदवीवर ‘सार्वजनिक धोरण’ हेच शब्द असले पाहिजेत असे नाही.

संस्था फार दूर नाहीत. मुंबईत पवईच्या आय.आय.टी.मध्ये धोरण अभ्यासाचे केंद्र आहे. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आणि आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, गोरेगावला रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र व सार्वजनिक धोरणाचा विभाग, आणि पुण्याला १९३० साली स्थापन झालेली गोखले अर्थशास्त्र संस्था आहे.

पैसा आणि दाखले

‘नेट’मध्ये कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाल्यास जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये व पुढे ४२,००० रुपये मिळतात. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती वेगळी आहे, आणि पुण्याच्या बार्टी संस्थेचीही अधिछात्रवृत्ती आहे. परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. २०२२ साली केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीत भारतीय संस्कृती, इतिहास व भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्याची अट आली. धोरणाच्या विद्यार्थ्याला ही अट थेट अडवू शकते. म्हणून विषय ठरविण्याआधी त्या वर्षीचे नियम स्वतः वाचावेत, ऐकीव माहितीवर जाऊ नये.

येथे धोरणातील एका शब्दाने काय होते ते पाहा. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात मुख्यतः हिंदूंचा समावेश होता. १९५६ साली शिखांचा झाला. धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्राने नवबौद्धांना सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत थांबावे लागले. त्या वर्षी आदेशात ‘बौद्ध’ हा शब्द आला, म्हणून आज आपली मुले केंद्राच्या अधिछात्रवृत्तीला पात्र आहेत. ३४ वर्षांचा तो वनवास एका शब्दासाठी होता. तेव्हा जातीचा दाखला, केंद्र शासनाच्या नमुन्यातील दाखला, जातवैधता प्रमाणपत्र आणि उत्पन्नाचा दाखला हे बारावीपासूनच तयार ठेवावेत. अर्जाच्या शेवटच्या आठवड्यात तहसील कचेरीत हेलपाटे घालण्याची वेळ येऊ देऊ नये.

पुढे कोणत्या वाटा?

पहिली वाट अध्यापनाची. परंतु सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही परीक्षाही पास होऊन ठेवावी, केवळ पीएच.डी.वर विसंबू नये. कायम जागा कमी आहेत आणि कित्येक उच्चशिक्षित तासिका तत्त्वावर वर्षे काढतात, हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

दुसरी वाट शासनाची व वित्तसंस्थांची. नियोजन आयोगाच्या जागी २०१५ साली नीती आयोग आला. राज्यात २०२२ साली ‘मित्रा’ ही संस्था स्थापन झाली. येथे, तसेच रिझर्व्ह बँकेत आणि वित्त आयोगाच्या कामात अभ्यासकांची गरज असते. बऱ्याच जागा मात्र कंत्राटी असतात. तिसरी वाट संशोधन संस्था, सामाजिक संस्था, जागतिक बँक व संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्था यांची. चौथी वाट पत्रकारिता आणि लोकप्रतिनिधींना अभ्यासाची मदत करण्याची. ज्याला फक्त प्रशासकीय सेवेत जायचे आहे त्याने मात्र पीएच.डी.ची वाट धरू नये. त्या परीक्षेला पदवी पुरते.

आपल्यातील तीन नावे पुरेशी बोलकी आहेत. डॉ. भालचंद्र मुणगेकर हे कोकणातीलच, देवगड तालुक्यातील मुणगे गावचे. अर्थशास्त्राचे प्राध्यापक, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू, नियोजन आयोगाचे सदस्य आणि राज्यसभेचे खासदार असा त्यांचा प्रवास झाला. डॉ. नरेंद्र जाधव यांचे वडील मुंबई पोर्ट ट्रस्टमध्ये कामगार होते. डॉ. जाधवांनी अमेरिकेच्या इंडियाना विद्यापीठातून पीएच.डी. केली, रिझर्व्ह बँकेत तीन दशके काढली, पुणे विद्यापीठाचे कुलगुरू व नियोजन आयोगाचे सदस्य झाले. डॉ. सुखदेव थोरात अमरावती जिल्ह्यातील खेड्यातून औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात आणि तेथून दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात गेले. २००६ ते २०११ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते.

डॉ. थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा २००७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावा. त्यांनी खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले. शिक्षण सारखे, अनुभव सारखा. फरक फक्त नावाचा. दलित आडनावाच्या अर्जाला पुढच्या फेरीचे बोलावणे येण्याची संधी उच्चवर्णीय नावाच्या अर्जाच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशच निघाली. ‘आता कोठे जातीभेद राहिला आहे?’ असे विचारणाऱ्याला रागाने उत्तर देता येते; पण ४,८०८ अर्जांनी दिलेले उत्तर खोडून काढणे कठीण.

विषय आपल्या अंगणात आहेत

संशोधनाचा विषय दिल्लीतच सापडतो असे नाही. कोकण रेल्वेचा रोहा-वीर हा टप्पा १९९३ साली सुरू झाला. गाडी आपल्या वीरपर्यंत आली. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या पुढच्या पिढीचे काय झाले? महाडच्या औद्योगिक वसाहतीत स्थानिकांना कोणत्या दर्जाची कामे मिळाली, आणि सांडपाण्याचा भार कोणत्या गावांनी सोसला? २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याआधी २००५ साली दासगाव, जुई या गावांनी तेच भोगले होते. पहिल्या दुर्घटनेतून शासनाने काय शिकले, पुनर्वसन किती वर्षांत झाले? पावसाळ्यात सावित्रीला पूर येतो आणि एप्रिल-मे महिन्यांत पोलादपूरच्या वाड्यांवर टँकर जातो, हे कोडे पाणीयोजनांच्या हिशेबातून सुटेल का? मागासवर्गीय वस्त्यांसाठी मंजूर झालेला निधी खरोखर त्याच वस्तीत खर्च झाला का? यांपैकी एकेका प्रश्नावर एकेक प्रबंध होऊ शकतो, आणि येथील विद्यार्थ्याला जी माणसे, जी भाषा, जी वाट ठाऊक आहे ती बाहेरून येणाऱ्याला वर्षभरातही ठाऊक होत नाही.

घराने आणि संस्थेने काय करावे?

अडचणी खऱ्या आहेत. अधिछात्रवृत्तीचे हप्ते कधीकधी महिनोन्‌महिने उशिरा येतात. सोबतचे मित्र कमवू लागतात, घर बांधतात. प्रबंध लिहिणारा मात्र अजून विद्यार्थीच असतो. मुलींच्या बाबतीत तर ‘आता पुरे झाले शिक्षण’ असे लवकर म्हटले जाते. इंग्रजीची भीती असते. यावर काही साधे उपाय आपल्या हाती आहेत. संस्थेने हप्ता थकल्यावर परतफेडीच्या बोलीवर देता येईल असा छोटा निधी राखावा. बुद्धविहारात इंग्रजी-मराठी वर्तमानपत्रे, अंदाजपत्रकाची पुस्तिका आणि बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड वाचायला ठेवावेत. नोकरीतून निवृत्त झालेल्या बांधवांनी विद्यार्थ्यांचे अर्ज तपासून द्यावेत. आणि ज्याचा प्रबंध पुरा होईल त्याला केवळ शाल-श्रीफळ न देता तासभर बोलायला लावावे, ‘तुला काय सापडले ते आम्हाला मराठीत सांग’ असे म्हणावे. विद्यार्थ्यानेही हे आपले देणे समजावे.

दवाखाना कुठे घालणार, या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला आता उत्तर देता येईल. हा डॉक्टर माणसाची नाडी पाहत नाही. तो शासनाच्या निर्णयाची नाडी पाहतो, आणि तो निर्णय आपल्या वाडीत पोचण्याआधी कोठे अडला ते पुराव्याने सांगतो. महाडच्या तळ्याचे पाणी १९२४ च्या कागदावर आपलेच होते. ते ओंजळीत येण्यासाठी संघटना लागली, धैर्य लागले आणि अभ्यासही लागला. पहिल्या दोन गोष्टी आपल्या भागाने जगाला दाखविल्या आहेत. तिसरीसाठी आपल्या पुढच्या पिढीतील चार-पाच मुला-मुलींनी तरी कंबर कसावी, आणि घरच्यांनी व संस्थेने त्यांच्या पाठीशी उभे राहावे, एवढीच या निमित्ताने विनंती.

नमो बुद्धाय! जयभीम!